पिवळं तेवढं पाडायचं

चैनलालजी रहांगडाले यांनी जिन्याखाली भरलेल्या बैठकीत "आपण अपार्टमेंटचा बिम करू या" असं जाहीर केलं, तेव्हा कोणीही विरोध केला नाही. याचं श्रेय त्यांनी बरेच दिवस आपल्या वक्तृत्वाला दिलं. खरं कारण एवढंच होतं की बिम म्हणजे सिमेंटचा बीम, असं सगळ्यांना वाटलं. इमारतीला एखादा बीम जास्तीचा मिळत असेल तर त्यात वाईट काय?

मुर्री रस्त्यावरचं पांगोली अपार्टमेंट म्हणजे एकावर एक ठेवलेली चार घरं. तळाला भैय्यालाल आणि त्याची म्हातारी आई सुशीलाबाई. पहिल्या मजल्यावर खुद्द चैनलालजी आणि त्यांची बायको तुलसा. दुसऱ्यावर तांदळाचे दलाल उमेंद्र बिसेन. आणि सगळ्यांच्या डोक्यावर लीलाबाई मडावी. या वनखात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर जंगलात लांबच्या माणसाला हाका मारल्यामुळे जवळच्या माणसाशीही त्या त्याच आवाजात बोलत.

चैनलालजी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. कालव्याचा नकाशा काढावा तर त्यांनीच, असं ते स्वतः सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी गोंदियातल्या एका क्लासमध्ये तीन महिने कम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांत बिम, करायला शिकून घेतलं. वर्गात सगळे त्यांना अंकल म्हणायचे आणि त्यांची खुर्ची पंख्याखाली ठेवायचे. हा अपमान गिळून त्यांनी प्रमाणपत्र मिळवलं, चौकटीत लावलं आणि मग त्या प्रमाणपत्राला शोभेल अशा कामाची वाट बघत बसले.

काम आलं ते असं, की सुशीलाबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. नागपूरला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पुढची विश्रांती तिरोड्याच्या लेकीकडे ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वॉकर घेऊन चालायचं, खाली बसायचं नाही. म्हणजे घरातला जुना संडास काढून खुर्चीसारखा बसवणं आलं, भिंतीला धरायला दांड्या आल्या, दार रुंद करणं आलं. आणि हे सगळं वीस तारखेच्या आत. तिरोड्याला नातीचं बाळंतपण ठरलं होतं, त्यामुळे मुक्काम वाढवायला जागा नव्हती. शिवाय म्हातारी रोज फोनवर लेकाला एकच विचारत होती, "माह्या घरी कवा नेतेस बापू?"

भैय्यालालनं धनसिंग मिस्त्रीला बोलावलं. धनसिंगनं बाथरूम बघितलं, भिंतीवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "दहा दिवसांत देतो."

झालं असतं. पण चैनलालजी सेक्रेटरी होते.

"नकाशाशिवाय या इमारतीची एक वीट हलणार नाही," ते म्हणाले. "भैय्यालाल, तू पाइप फोडशील, ओल माझ्या भिंतीत चढेल. सगळं मॉडेलमध्ये आधी बघायचं. तिथं चुकलं तर काही बिघडत नाही."

धनसिंगनं आदरानं विचारलं, "बीम टाकाचा हाय का साहेब? मंग खालून टेकू लावा लागन."

"हा तो बीम नव्हे, धनसिंग. हा कम्प्युटरमधला बिम आहे."

"असं का," धनसिंग म्हणाला. जरा विचार करून त्यानं विचारलं, "कम्प्युटरमंदी सळाख कितीची टाकता?"

चैनलालजी लेझरचं मोजमाप यंत्र घेऊन चारही घरांत फिरले. त्या लाल ठिपक्यानं त्यांनी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, उमेंद्रच्या सोफ्यावर झोपलेले त्याचे सासरेही एकदा अनवधानानं मोजले गेले. मॉडेल म्हणजे नुसतं चित्र नसतं, त्यात प्रत्येक वस्तूची माहिती भरायची असते, हे ते प्रत्येक घरी चहा घेताना समजावून सांगत. लीलाबाईंना त्यांनी फ्रीजचं वय विचारलं. बाईंनी त्यांना त्यांचं विचारलं.

आठवडाभरात मॉडेल तयार झालं आणि ते चैनलालजींच्या टीव्हीवर दाखवायचा कार्यक्रम झाला. तुलसाबाईंनी पोहे केले. पडद्यावर पांगोली अपार्टमेंट गोल फिरत होतं, मजल्यांची झाकणं निघत होती, आत आपापली घरं दिसत होती. उमेंद्र तर भारावलाच. "क्या बात है भाईसाब! माझं घर इतकं साफ मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

चैनलालजींनी खुलून जाऊन त्याच्या बाथरूमच्या भिंतीवर टिचकी मारली. बाजूला माहितीची चौकट उघडली. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ओल आहे. कारण, मालकाचा हलगर्जीपणा.

चैनलालजींनी घाईघाईनं चौकट मिटवली.

"तात्पुरती नोंद आहे," चैनलालजी म्हणाले.

"तात्पुरती काऊन? पक्की ठेवा," लीलाबाई वरच्या पट्टीत म्हणाल्या.

उमेंद्रला ते लागलं. मग त्यानं जाहीर केलं की त्याचं बाथरूमच तो आता नवं करणार, जागा बदलून, मोठं. होऊन जाऊ दे याच मॉडेलमध्ये. हे ऐकून लीलाबाई म्हणाल्या, आपल्या स्वयंपाकघराची आणि हॉलची मधली भिंत त्यांना पहिल्या दिवसापासून खुपून राहिली आहे, तीही पाडून टाका. आणि मग, सगळ्यांच्या कपबशा गोळा करता करता, तुलसाबाई सहज बोलाव्यात तशा बोलल्या, "अजी, तं मंग आपला ओटा बी घ्या ना त्यात."

ओट्याचं असं होतं, की बिल्डरनं तो एखाद्या उंच बाईसाठी बांधला होता. तुलसाबाई उंच नव्हत्या. गेली अकरा वर्षं त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. ओटा चार इंच कमी करा, असं त्यांनी वर्षातून दोनदा सांगितलं होतं आणि चैनलालजींनी वर्षातून दोनदा, अभ्यास करावा लागेल, असं उत्तर दिलं होतं. आता चार माणसांसमोर काय बोलणार? ओटा मॉडेलमध्ये आला.

अशी एकाची चार कामं झाली. चैनलालजींना त्याचं दुःख नव्हतं, उलट क्लासमध्ये शिकवलेलं 'एका मॉडेलात अनेक प्रकल्प' हे प्रकरण त्यांना फारच आवडलं होतं. पाडायचं ते पिवळं, नवं ते लाल, आहे ते राखाडी. प्रत्येक कामाचा टप्पा वेगळा. टप्पा एक सुशीलाबाईंचा, मग उमेंद्र, मग लीलाबाई, शेवटी ओटा. एक बटण दाबलं की एका टप्प्याचं पिवळं दिसणार, बाकीच्यांचं झाकलं जाणार. आणि कुठं काय कशावर आपटतं तेही कम्प्युटर सांगणार. त्यानं एकेचाळीस टकरी सांगितल्या. त्यांतल्या बऱ्याचशा चैनलालजींनी स्वतःच फ्रीज भिंतीत घुसवल्यामुळे झालेल्या होत्या, पण एक खरी होती. उमेंद्रच्या नव्या संडासाचा पाइप सरळ खाली तुलसाबाईंच्या लोणच्याच्या माळ्यातून जात होता.

"माह्या लोनच्यातून?" तुलसाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. चैनलालजींनी लगेच पाइप दीड फूट सरकवला. तो मग तळमजल्यावर सुशीलाबाईंच्या धरायच्या दांडीतून निघाला. तो पुन्हा सरकवला, तर उमेंद्रच्या पलंगाखालून निघू लागला. या पाइपानं चार दिवस खाल्ले. लीलाबाई रोज जिन्यात गाठून विचारत, "रहांगडाले भाऊ, माही भित तुमच्या कम्प्युटरात पडून राहिली, तं खरी कवा पडन?"

शेवटी पाइपाला बाहेरच्या भिंतीवरून वाट मिळाली. आता धनसिंगला काम सुरू करायला हरकत नव्हती. पण चैनलालजी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते, परवानगीशिवाय त्यांच्या हातून हातोडा उचलला जाईना. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय: पांगोली अपार्टमेंट येथील बिमबाबत.

नगरपरिषदेच्या कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज वाचून मान वर केली. "बीमचं काम आहे? मग इंजिनियरचा मजबुतीचा दाखला लागतो."

"हा तो बीम नाही हो. हे मॉडेल आहे. इमारतीचं."

"मॉडेल सोबत जोडलंय?"

"ते लॅपटॉपमध्ये आहे."

"मग जोडलेलं नाही." बाबूंनी तशी नोंद केली. "थर्माकोलचं असलं तर आणू नका. मागचं एक अजून कपाटावर पडलं आहे."

दुसऱ्या फेरीत चैनलालजींनी 'बिम' खोडून 'माहितीपूर्ण प्रतिकृती' असं लिहिलं. तेव्हा त्यांना सांस्कृतिक विभागाकडे पाठवण्यात आलं. तिसऱ्या फेरीला साहेब स्वतः भेटणार होते, सकाळी अकराला. आता तारीख होती नऊ.

निघायच्या घाईत चैनलालजींनी नकाशे छापले. मजल्यागणिक एक, असे चार कागद, व्यवस्थित पिन मारून. धनसिंग खाली वाळू चाळत होता. त्याच्या हातात गठ्ठा देऊन ते म्हणाले, "सुरुवात कर. साहेबांची सही आज मिळतेच आहे. लक्षात ठेव, पिवळं तेवढं पाडायचं. पिवळं नसेल त्याला बोटही लावायचं नाही."

"पिवरं तेवढं," धनसिंग म्हणाला.

साहेब साडेबारापर्यंत आले नाहीत. चैनलालजी बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर कसलीशी पिवळी सूचना लावली होती. ती वाचता वाचता ते ताडकन उठून उभे राहिले. सकाळी छापताना टप्प्याचं बटण दाबलं होतं का?

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. नव्हतं दाबलं. चार कागदांवर मिळून चारही टप्प्यांचं पिवळं होतं.

त्यांनी धनसिंगला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. भैय्यालालला लावला, तो दुकानात होता. तुलसाला लावला, तर तिनं उचलला, पण मागून असा धडधडाट येत होता की तिला काहीच ऐकू जाईना. ती फक्त आनंदानं ओरडली, "अजी, सुरू झालं बरं!" आणि फोन ठेवला.

एवढ्यात साहेब आले. त्यांनी अर्ज दोन मिनिटांत वाचला आणि फार प्रेमानं म्हणाले, "रहांगडालेजी, घरातल्या घरात ओटा, फरशी, बाथरूम यांना आमची परवानगी लागतच नाही. त्या एका भिंतीचं तेवढं बघा, ती भार घेणारी नसली म्हणजे झालं. कायले एवढ्या चकरा मारल्या?"

ती भिंत भार घेणारी नव्हती, हे मॉडेलमध्ये लिहिलेलं होतं. पण ते सांगायला चैनलालजी थांबले नाहीत.

ते पोचले तेव्हा अपार्टमेंटमधून धूळ बाहेर येत होती. धनसिंग आणि त्याची तीन माणसं जिन्यात बसून डबा खात होती. आज काम झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"झालं साहेब," धनसिंग म्हणाला. "पिवरं सप्पा पाडलं. मशीन भाड्यानं आनली होती, म्हनून लवकर झालं."

तळाचं बाथरूम गेलं होतं. उमेंद्रचंही गेलं होतं, आणि नव्याच्या जागेसाठी त्याच्या स्वयंपाकघरातला ओटाही. लीलाबाईंच्या घरात हॉलमधून थेट शेगडी दिसत होती. आणि तुलसाबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी विटांचा ढीग होता, त्याच्या बाजूला पाट.

"अरे पण कोणी थांबवलं कसं नाही?" चैनलालजी ओरडले.

हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. कोणी थांबवलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटलं होतं की आपला नंबर पहिला लागला. उमेंद्रनं तर या खुशीत माणसांना समोसे खाऊ घातले होते. लीलाबाईंनी पहिला घण स्वतः मारला होता. तुलसाबाईंनी काही सांगितलं नाही, पण ओट्यावरचे डबे त्यांनी सकाळीच खाली उतरवून ठेवले होते, धनसिंग दाराशी यायच्याही आधी.

"तुमीच तं कागद देला," धनसिंग शांतपणे म्हणाला आणि घडी उलगडून दाखवली. पिवळं अगदी स्पष्ट छापून आलं होतं. त्या छपाईबद्दल दुसऱ्या एखाद्या दिवशी चैनलालजींना अभिमान वाटला असता.

संध्याकाळी भैय्यालाल दुकानातून आला. त्यानं चारही मजले बघितले, परत खाली आला आणि पायरीवर बसला. तो चिडला असता तर परवडलं असतं. तो हळूच म्हणाला, "काका, माहा एक छोटासा बाथरूम होता हो. आता मिस्तरी चार घरं करन का माह्या मायचं करन? वीस तारखेले मायले ठेवू कोठी?"

एकतीस वर्षांत चैनलालजींच्या नकाशामुळे पाणी चुकीच्या शेतात कधी गेलं नव्हतं. ते म्हणाले, "मी नवं वेळापत्रक करतो. मॉडेलमध्येच..."

"काका," भैय्यालाल म्हणाला, "लॅपटॉप राहू द्या आता काही दिवस."

वेळापत्रक तुलसाबाईंनी केलं, तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर बसून, पाच मिनिटांत. आधी सुशीलामावशींचं बाथरूम, चारही माणसं त्यावरच. बाकीचे थांबतील. धडधाकट स्वयंपाकघर फक्त तळमजल्यावर उरलं होतं, तर सगळ्यांचा स्वयंपाक तिथं. आंघोळी उमेंद्रच्या घरच्यांच्या पहिल्या मजल्यावर, भैय्यालालच्या तिसऱ्यावर. लीलाबाईंनी त्याला स्वच्छ सांगितलं, "सात मिनटं. आठव्या मिनटाले मी नळ बंद करतो."

आणि गंमत अशी, की लोकांना मजा वाटायला लागली. तळाच्या स्वयंपाकघरात लीलाबाई भाकरी थापत, तुलसाबाई फोडणी देत, आणि तांदळाचे भाव सोडून दुसरं काही न बोलणारा उमेंद्र कांदे कापत कापत शाळेतले किस्से सांगे. जेवताना सगळे चैनलालजींनाही वाढत. पण कामाचं काही विचारत नसत. विटकरीचा तुकडा घेऊन धनसिंग भिंतीवरच रेघा ओढी आणि सगळे त्या रेघांकडे असे बघत, जसे पूर्वी टीव्हीकडे बघत होते.

चैनलालजी वर एकटेच बसत. लॅपटॉप उघडणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तो निश्चय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी धनसिंगच्या रेघा त्यांनी मॉडेलमध्ये घातल्या, सहजच, आणि मग त्यांच्या मनात आलं की यात मावशी कुठं आहेत? त्यांनी तिरोड्याला फोन लावला.

"मावशी, तुमचा वॉकर किती रुंद आहे?"

"मी मावते तेवढा," सुशीलाबाई म्हणाल्या. "काऊन? मी जाड झाली असं सांगतलं का कोनी?"

शेवटी त्यांच्या लेकीनं टेप लावून सांगितलं, सहासष्ट सेंटिमीटर. चैनलालजींनी त्या मापाचा ठोकळा मॉडेलमध्ये ठेवला आणि दारातून आत नेला. आत गेला. वळवायला गेले, तर बेसिनवर आपटला. बेसिन चुकवलं, तर आत उघडणारं दार मागून लागेना. तीनदा करून पाहिलं. मावशी आत जाणार होत्या, पण दार लावू शकणार नव्हत्या.

ते खाली गेले. धनसिंग भिंतीला बेसिन लावून त्याचे खिळे ठोकत होता, भैय्यालाल बाजूला उभा.

"बेसिन तिथं नको," चैनलालजी म्हणाले.

"काका, प्लीज," भैय्यालाल म्हणाला.

चैनलालजींनी वाद घातला नाही. त्यांनी बाहेरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, तिच्या पायांवरून टेप फिरवून तिला दोन्ही बाजूंना काठ्या बांधल्या, अगदी सहासष्ट होईपर्यंत. मग ती वॉकरसारखी पुढं धरून, एक पाय ओढत, ते बाथरूममध्ये शिरले. वळले. खुर्ची बेसिनच्या आणि भिंतीच्या मध्ये अशी घट्ट बसली की ती पुढंही जाईना, मागंही येईना, आणि तिच्यामागं चैनलालजी. दार अर्धवट उघडं, त्यात त्यांचं धोतर अडकलेलं. जिन्यातून लीलाबाई बघत होत्या. त्यांचं हसू थेट मुर्री गावापर्यंत ऐकू गेलं असावं.

धनसिंग मात्र हसला नाही. तो गुडघ्यावर बसला, खुर्ची आणि बेसिन यांच्यामध्ये हात घालून पाहिला, मग दाराकडे बघितलं.

"साहेब बराबर बोलून राहिले," तो म्हणाला. "बुढीमाय अठीच फसली असती. बेसिन त्या कोन्यात घेऊ, दार भाईर उघडू."

भैय्यालालनं खुर्चीचं दुसरं टोक धरलं आणि चैनलालजींना सोडवलं. मग म्हणाला, "काका, लॅपटॉप खालीच घेऊन या ना. दांडी कोन्त्या उंचीवर पाह्यजे तेही पाहू."

पुढचे सात दिवस लॅपटॉप सिमेंटच्या पोत्यावर होता. धनसिंग विटकरीनं रेघ ओढी, चैनलालजी ती मोजून आत घालत, ठोकळा फिरवत आणि ओरडत, "दोन इंच डावीकडे!" एकोणीस तारखेला टाइल्स पुसून झाल्या.

वीस तारखेला दुपारी तिरोड्याहून गाडी आली. सुशीलाबाई उतरल्या, वॉकर टेकत घरात शिरल्या, कुणाशी फारसं न बोलता थेट बाथरूमकडे निघाल्या. भैय्यालाल, तुलसाबाई, लीलाबाई, उमेंद्र, धनसिंग आणि चैनलालजी दाराबाहेर अर्धगोल करून उभे राहिले. वॉकर उंबरठ्यावरून आत गेला. वळला. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सहाही जण नकळत एक पाऊल पुढं सरकले.

मग आतून आवाज आला, "तुमी सप्पा तठीच उभे हाव का?"

"हो माय," भैय्यालाल म्हणाला. "काही अडलं का?"

"अडन नाही तं का होईन? तुमी असे कान देऊन उभे राहिल्यावर मानसाले होते का काही? जा सप्पा आपापल्या घरी!"

मंडळी अशी पळाली की उमेंद्रची एक चप्पल तिथंच राहिली. लीलाबाई तोंडावर पदर धरून जिना चढल्या. चैनलालजी सगळ्यांच्या मागून निघाले, पण चौथ्या पायरीवर त्यांचे पाय थांबले. फक्त एवढंच ऐकायचं होतं. फ्लशचा आवाज आला. नळाचं पाणी वाजलं. मग वॉकरचे रबरी पाय टाइल्सवर टक टक करत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले, कुठंही न अडखळता, आणि दाराची कडी निघाली.

चैनलालजींनी कठड्यावर हात ठेवून डोळे मिटले.

"चैनलाल," खालून हाक आली, "तू अजून तठीच हायस ना?"

साठीतल्या माणसानं एका दमात दोन दोन पायऱ्या चढू नयेत, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते चढले.